डोक्याशी कोण बसणार?

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर थोडा वेळ बसलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "डॉक्टर, एवढासा जीव आहे हो, भूल झेपेल ना?" विचारणाऱ्याच्या मांडीवर बहुतेक वेळा पॉमेरेनियन, शिहत्झू, पग नाहीतर चिवावा असतो. लॅब्राडॉरवाले हे सहसा विचारत नाहीत. छोट्या कुत्र्यांच्या घरांत ही भीती खोल रुजलेली असते, आणि ती निराधार मुळीच नाही. पण तिच्यापोटी माणसं दोन गोष्टी करतात. काही जण गरजेचं ऑपरेशन वर्षानुवर्षं पुढे ढकलतात, आणि काही जण "जरा हलकीच भूल द्या, घशात नळीबिळी नको" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. दोन्हींची किंमत कुत्रंच मोजतं.

आमची बुंदी साडेतीन किलोची. पॉमेरेनियन म्हणूनच सगळे तिला ओळखतात, पण ती आहे आपल्याकडची स्पिट्झ. वय उताराला लागलेलं. मध्यंतरी तिच्या डाव्या डोळ्याखाली सूज आली आणि ती एकाच बाजूनं चावायला लागली. डॉक्टरांनी ओठ वर उचलून दाखवलं: वरच्या मोठ्या दाढेभोवती पिवळट दगडासारखा थर, हिरडी लालभडक. त्या दाढेची मुळं डोळ्याखालच्या हाडापर्यंत पोचतात, त्यामुळे मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली येते. दाढ काढायची, बाकीचे दात साफ करायचे, म्हणजे पूर्ण भूल आलीच.

छोट्या कुत्र्यांच्या दातांचं दुखणं लोक फार हलक्यात घेतात. कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. जर्मन शेफर्डच्या लांबरुंद जबड्यातही ४२ आणि बुंदीच्या करंगळीएवढ्या जबड्यातही ४२. दाटीवाटीत अन्न अडकतं, थर चढतो, हिरड्यांखालचं हाड झिजत जातं. खालच्या जबड्यात तर मोठ्या दाढेची मुळं जवळजवळ हाडाच्या तळाशी टेकलेली असतात. हाड झिजलेलं असताना घाईनं दाढ ओढली तर जबडाच मोडू शकतो, म्हणून आधी दातांचा एक्स-रे हवा. आणि हल्ली कुत्र्यांच्या पार्लरमध्ये "भूल न देता दात स्वच्छ" अशा पाट्या दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दिसणारा थर खरवडला जातो, रोग हिरडीखाली तसाच राहतो, आणि जाग्या कुत्र्याला दाबून धरून त्याच्या तोंडात धारदार हत्यार चालवलं जातं. दात पांढरे दिसतात म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि खरा इलाज आणखी एक-दोन वर्षं लांबतो.

दात तपासताना डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि त्यांचा चेहरा थोडा बदलला. मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मध्ये येणारा जादाचा आवाज. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची डावीकडची झडप, मायट्रल व्हॉल्व्ह, जाड होऊन गळायला लागणं हे फार नेहमीचं आहे. आमच्या घरात त्या रात्री सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: आता भूल नको, गोळ्यांवर भागवू. पण मर्मर ऐकू आली म्हणजे भूल बंद, असा हिशेब नसतो. हृदय मोठं झालंय का, फुप्फुसांत पाणी साठतंय का, यावर सगळं ठरतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. झडप गळत होती, पण हृदयाचा आकार वाढलेला नव्हता. रक्तात यकृत, मूत्रपिंड, साखर, पेशी, सगळं जवळपास जागेवर होतं. यकृताची चाचणी छोट्या कुत्र्यांत वगळू नये, कारण यॉर्कशायर टेरियर, माल्टीजसारख्या जातींत जन्मतःच यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असू शकते. अशा कुत्र्यात औषधाचा निचरा वेळेवर होत नाही, भूल उतरता उतरत नाही.

आता आकाराचं. छोटं कुत्रं म्हणजे मोठ्या कुत्र्याची लहान आवृत्ती, असं समजून चालत नाही. साडेतीन किलोच्या शरीरात रक्त असतं जेमतेम ३०० मिलिलिटर, म्हणजे दीड फुलपात्र. त्यातलं ३० मिलिलिटर गेलं की दहावा हिस्सा गेला, आणि तेवढं तर गॉजच्या दोन-चार तुकड्यांत नकळत शोषलं जातं. औषधाचे डोस मिलिलिटरच्या दशांशांत मोजायचे. मोठ्या कुत्र्यात ०.१ मिलिलिटर इकडेतिकडे झालं तर फरक पडत नाही, इथे पडतो. म्हणून आदल्या दिवशीचं किंवा मागच्या भेटीचं वजन चालत नाही, त्याच सकाळी काट्यावर ठेवलेलं वजन लागतं. सलाईनचंही तसंच. निरोगी कुत्र्याला भुलेखाली तासाला किलोमागे साधारण ५ मिलिलिटर देतात. बुंदीच्या मर्मरमुळे डॉक्टरांनी तेही कमी ठेवलं. एवढं कमी मोजायचं तर लहान मुलांचा मायक्रोड्रिप सेट लावतात, ज्यात ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मोठ्यांचा सेट लावून चाक जरा सैल राहिलं तर एवढ्याशा हृदयावर आणि फुप्फुसांवर पाण्याचा लोंढा येतो.

मग थंडी. लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं जास्त, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. त्यात भुलेनं शरीराची स्वतःला गरम ठेवायची यंत्रणा बंद पडलेली. पहिल्या अर्ध्या तासातच तापमान घसरायला लागतं. केस भादरलेले, कातडीवर स्पिरिट, स्टीलचं टेबल, वर एसी, श्वासातून जाणारा कोरडा गार ऑक्सिजन, आणि दातांच्या कामात थर काढायच्या यंत्राचं (स्केलरचं) गार पाणी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते ९५-९६ वर आलं की औषधं हळू उतरतात, रक्त गोठायला वेळ लागतो, हृदयाची गती मंदावते. घरगुती उपाय म्हणून गरम पाण्याच्या पिशव्या थेट अंगाला लावतात, तेही धोक्याचं. बेशुद्ध कुत्रं चटका बसला तरी अंग काढून घेऊ शकत नाही.

आणि साखर. "रात्री आठनंतर काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही" ही सूचना अजून सर्रास दिली जाते. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला ४ ते ६ तासांचा उपास पुरतो, आणि दोन किलोंच्या आतल्या किंवा अगदी लहान पिल्लांना एक-दोन तासांहून जास्त उपाशी ठेवायचं नसतं. पाणी तर शेवटपर्यंत चालतं. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा किती असणार? रात्रभर उपाशी राहून दुपारी नंबर लागलेलं चिवावाचं पिल्लू भुलेआधीच गळून गेलेलं असू शकतं. पग, फ्रेंच बुलडॉगसारख्यांना उलटून यायचा धोका जास्त, मधुमेही कुत्र्याचं गणित वेगळं, म्हणून आपल्या कुत्र्यापुरतं डॉक्टरांना विचारावं. पण विचारावं जरूर, आणि नंबर पहिला मागून घ्यावा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग भीती खरीच की. आकडे बघू. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांनी मिळून एक मोठी पाहणी केली. भूल किंवा गुंगी दिलेल्या ९८,०३६ कुत्र्यांची नोंद ठेवली. त्यातून मृत्यूचं प्रमाण निघालं ०.१७ टक्के, म्हणजे सुमारे ६०० मागे एक. निरोगी कुत्र्यांत ते ०.०५ टक्के होतं, साधारण १८०० मागे एक. आधीच आजारी असलेल्यांत मात्र १.३३ टक्के, ७५ मागे एक. वजन जितकं कमी तितका धोका वाढतो हेही दिसलं. वय, तातडीचं ऑपरेशन, लांबलेली वेळ यांनीही तो वाढतो. याचा अर्थ मला असा लागतो: पुढे ढकलत राहिलं की कुत्रं १८०० च्या रांगेतून ७५ च्या रांगेत जातं. गर्भाशयात पू झालेली कुत्री तापानं फणफणल्यावर मध्यरात्री टेबलावर घेणं आणि तीच कुत्री तरुण, धडधाकट असताना नसबंदीसाठी सकाळी पहिल्या नंबरला घेणं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

त्या पाहणीतली माझ्या मनात कायमची बसलेली गोष्ट वेगळीच आहे. दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी, ४७ टक्के, ऑपरेशन संपल्यानंतर गेली. टाके घालून झाले, भुलेचा गॅस बंद झाला, सगळ्यांनी हुश्श केलं, त्यानंतर. आणि त्यातलीही जवळपास निम्मी पहिल्या तीन तासांत. याच पाहणीत मांजरांच्या बाबतीत असंही दिसलं की ज्यांची नाडी पाहिली जात होती, ज्यांना पल्स ऑक्सिमीटर लावला होता, त्यांच्यात धोका कमी होता. जिथे लक्ष असतं तिथे जीव वाचतो. आणि सगळ्यांत जास्त जीव जातात ते लक्ष उठल्यानंतरच्या वेळात.

आमच्या ओळखीतल्या एका घरचा पग असाच गेला. नसबंदीचं साधं ऑपरेशन, तेही व्यवस्थित झालं. संध्याकाळची गर्दी, पुढचा पेशंट तयार, म्हणून अर्धवट शुद्धीतला कुत्रा टॉवेलात गुंडाळून घरच्यांच्या हातात दिला. गाडीत तो मांडीवर झोपल्यासारखा दिसत होता, मान छातीकडे वाकलेली. पगच्या नाकपुड्या चिमटलेल्या, टाळूचा मऊ पडदा लांब, घशात आधीच जागा कमी. जागेपणी तो जोर लावून श्वास ओढतो. गुंगीत तो जोर नसतो. घर येईपर्यंत जीभ निळी पडली होती. घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की मान सरळ ठेवा, जीभ पुढे काढा, श्वास मोजा. खरं तर त्यांना हे सांगावं लागावं, अशी वेळच यायला नको होती. जो कुत्रा स्वतःच्या पायांवर उभा राहून चालत नाही, त्याला घरी पाठवणं चूक आहे. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

भुलेखालच्या जिवाचा श्वास पाहायचा की नाडी, या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारी हैदराबादेत लिहिला गेलाय, आणि तो कुत्र्यांच्या जिवावर लिहिला गेलाय. तेव्हा भूल म्हणजे क्लोरोफॉर्म. तिथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीतले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर नजर ठेवा, पुरे. ते सिद्ध करायला १८८८ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. लंडनमध्ये शंका निघाल्या, तेव्हा निजामानं खर्च देऊन १८८९ मध्ये दुसरं कमिशन बसवलं आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं लंडनचे डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना तिकडे पाठवलं. दोन्ही मिळून शेकडो जनावरं वापरली गेली, त्यांत गावातली बेवारस कुत्री फार. मराठवाडाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. निष्कर्ष लॉरींच्या बाजूनं लागला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय एकाएकी, श्वास चालू असतानाही थरथरून बंद पडू शकतं. म्हणजे दोन्ही पाहायला हवं होतं. त्या कुत्र्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांची नावंही नव्हती. आज बुंदीच्या जिभेला लावतात तो ऑक्सिजन मोजणारा चिमटा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा तो पडदा, यांच्यामागे त्यांचे जीव आहेत, आणि हे मला विसरता येत नाही.

बुंदीच्या वेळी मी डॉक्टरांना एकच प्रश्न आधी विचारला. तुम्ही तोंडात काम करत असाल तेव्हा तिच्या डोक्याशी कोण बसणार? त्या म्हणाल्या, "माझी ज्युनिअर. तिला त्या वेळात दुसरं काही काम नसेल." हे उत्तर मला यंत्रांच्या यादीपेक्षा मोलाचं वाटलं. पुष्कळ ठिकाणी ऑपरेशन करणाराच मधून मधून डिजिटल आकड्याकडे बघतो, आणि मदतनीस फोन घ्यायला बाहेर जातो.

काचेतून मला बघू दिलं. आधी गुंगीचं आणि वेदनेचं इंजेक्शन. मग तोंडापुढे मास्क धरून काही मिनिटं ऑक्सिजन, म्हणजे नळी घालायला क्षणभर उशीर झाला तरी शरीरात शिल्लक असते. शुद्ध हरपवणारं प्रोपोफॉल अगदी सावकाश, थांबत थांबत, कारण ते भसकन दिलं तर श्वास थांबतो. मग श्वासनलिकेत बारीकशी नळी, बाहेर उरलेली लांबी आखूड करून. लांब नळीत वापरलेली हवाच आतबाहेर खेळत राहते. गॅससाठी मोठ्या कुत्र्यांचं सर्किट लावलं नाही. त्यातल्या झडपा ढकलायचीही ताकद एवढ्या छातीत नसते. नळीला जोडली होती ती टी-पीस, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराची साधी जोडनळी, आणि तिच्या टोकाला इवलीशी पिशवी. ही टी-पीस न्यूकॅसलच्या फिलिप एअर यांनी १९३७ मध्ये माणसांच्या तान्ह्या बाळांसाठी काढली, आणि लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये तिला पिशवी जोडली. घशात ओला गॉज दाबून बसवला, पाणी फुप्फुसाकडे जाऊ नये म्हणून. त्याचा दोरा मुद्दाम बाहेर लोंबता ठेवला, काढायचा राहू नये म्हणून. पायांत लहान बाळाचे मोजे, अंगाला बबल रॅप, खाली गरम हवेची गादी. नळीशिवायच्या "हलक्या" भुलेत यातलं काहीच नसतं. घसा उघडा, पाणी आणि रक्त सरळ आत जायला मोकळं. म्हणून दातांच्या कामाला ती हलकी भूलच सर्वांत जड पडते.

ज्युनिअर डॉक्टर वयानं लहान होती. समोर कागद, दर पाच मिनिटांनी एक उभी ओळ: नाडी, श्वास, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, रक्तदाब, तापमान. नाडीचा आवाज ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राची शूं-शूं खोलीत चालू होती. दाढेचं काम रंगात आलं असताना तो आवाज बारीक झाला. तिनं रक्तदाबाचा पट्टा फुगवून पाहिला, दाब ९० च्या खाली. "मॅडम, जरा थांबा," ती म्हणाली, आणि मॅडमनी खरंच हात बाजूला घेतले. तिनं गॅस थोडा उतरवला. जबड्याच्या नसेपाशी जागा बधिर करणारं बुपिव्हाकेन आधीच दिलेलं होतं, त्यामुळे गॅस कमी केला तरी बुंदी हलली नाही. (हे औषधही मोजूनमापून द्यावं लागतं, किलोमागे २ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही.) थोड्या वेळानं आवाज पुन्हा भरला. "घ्या मॅडम." पुढची ओळ लिहिली. बाहेर उभ्या असलेल्या कुणाला यात काही घडलं असं वाटलंही नसतं.

गॅस बंद केल्यावरही ज्युनिअर जागेवरून उठली नाही. बुंदीनं दोनदा गिळलं तेव्हाच नळी काढली, त्याआधी दोरा ओढून गॉज. तापमान ९७ च्या पुढे-मागे होतं. १०० जवळ येईपर्यंत गरम गादी चालू, बुंदी पोटावर, मान सरळ. घरी जायची आम्हाला घाई नव्हती आणि त्यांनाही नव्हती.

या बसण्याचे वेगळे पैसे पडतात. बिलात "भूल व मॉनिटरिंग" अशी ओळ दिसली की लोक पहिली घासाघीस तिथेच करतात, कारण टाके दिसतात, दाढ हातात मिळते, पण नजर ठेवलेली दिसत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, कापायचंच असेल तर दुसरीकडे कापा. आणि विचारा. आज सकाळी वजन केलंत का? नळी घालणार ना? हिचं अंग गरम कसं ठेवाल? डोक्याशी कोण बसणार, आणि ती शुद्धीवर येऊन चालेपर्यंत कोण? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आमच्या डॉक्टर तर खूश झाल्या.

पहिल्या रात्रीसाठी त्यांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते. कोमट, मऊ भात-चिकन थोडं थोडं, एकदम वाटीभर नको. पलंगावर, सोफ्यावर झोपवायचं नाही, तोल जातो. हिरड्या अधूनमधून बघायच्या, गुलाबी हव्यात; पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर लगेच फोन. झोपेतला श्वास मिनिटाला तीसच्या आत हवा, मर्मर असलेल्या कुत्र्यात तर हे मोजायचंच. कण्हली म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लाम द्यायची नाही, कुत्र्याला ती विषासमान. दिलेलं औषधच, दिलेल्या वेळेला. आणि फोन उचलणाऱ्याचा नंबर, दवाखान्याचा नव्हे, रात्री जागा असणाऱ्या माणसाचा, निघतानाच लिहून घ्यायचा.